बोटीवरचा हस्तकलेचा तास

मास्तर बोटीवर वर्ग घेणार आहेत ही बातमी मास्तरांच्या आधी सगळ्या इमारतीला कळली. त्याला कारण मास्तरीणबाईंचा फोनवरचा आवाज. जावई सहली काढणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. समुद्रसफरीला निघालेलं एक जोडपं ऐन वेळी गळलं, तेव्हा सासूसासऱ्यांनी त्या जागी यावं, असं त्याने फोन करून सुचवलं. फक्त सासऱ्यांनी दुपारी तासभर प्रवाशांना कागदकाम वगैरे शिकवायचं, म्हणजे बोटवाले खिडकीची खोली देतील.

"म्हणजे समुद्रात जाऊन कापाकापी करायची?" मास्तरीणबाई इतक्या मोठ्याने म्हणाल्या, की खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने खिडकीतून मान वर करून विचारलं, "कुणाची?"

मास्तरांनी रीतीप्रमाणे आढेवेढे घेतले. माझं वय काय, बोट काय, लोक हसतील, आणि निवृत्त माणसाने कसं घरात शोभून दिसावं, असं बरंच काही बोलून झालं. संध्याकाळी मास्तरीणबाई बाहेरून आल्या तेव्हा माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली आली होती आणि मास्तर तिच्यासमोर मांडी घालून घोटीव कागदांवरची धूळ लेकराचं तोंड पुसावं तशी पुसत होते.

मास्तर जन्मभर शाळेत हस्तकला शिकवत आले. या विषयात कधी कुणी नापास होत नाही, आणि त्यामुळे पास झाल्याचं कौतुकही कुणाला नसतं. शाळेच्या वेळापत्रकात हस्तकलेचा तास म्हणजे पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची. येईल त्याने बसावं. गणित मागे पडलं, घ्या हस्तकलेचा तास. डोळे तपासायला डॉक्टर आले, घ्या हस्तकलेचा तास. "तुमचं काय हो मास्तर, तुमचं कधीही होऊ शकतं," असं मुख्याध्यापक म्हणायचे आणि मास्तर लगेच "हो हो" म्हणायचे. हे "हो हो" त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की झोपेत कुणी कूस बदलायला सांगितलं तरी तेच निघालं असतं.

पण जे तास उरायचे, ते काय तास होते! खिडकीतून तिरपं ऊन बाकांवर यायचं. खळीचा तो आंबूस वास. लाल, पिवळे, जांभळे कागद, आणि ते हातात आले की वर्गातली सगळ्यांत दांडगट पोरंही एकदम गप्प व्हायची. कात्री चालवताना मुलांची जीभही बाहेर येऊन कात्रीबरोबर चालते, हे जगात फक्त हस्तकलेच्या मास्तरांना ठाऊक असतं. निवृत्त झाल्यापासून मास्तरांना पगाराची, खुर्चीची, कशाचीच आठवण यायची नाही. त्या जिभांची मात्र यायची.

प्रवासाची बातमी फुटल्यावर शेजारी सल्ले घेऊन आले. यातल्या कुणीही समुद्र जवळून पाहिलेला नव्हता, त्यामुळे कुणाच्या बोलण्यात शंकेला जागा नव्हती. समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमन म्हणाले, "बोटीत नेहमी मधोमध झोपायचं. कडेला झोपलं की कलते." वरच्या मावशींनी पिशवीभर लिंबं दिली आणि "क्षितिजाकडे बघू नका, ते हलतं," असं बजावलं. शिंप्याने मात्र मनापासून आपली मोठी कात्री पुढे केली. "तुमच्या त्या शाळेच्या कात्र्या लोणी कापायच्या लायकीच्या. ही न्या. चार पदरी कापड एका दमात कापते." मास्तर भारावले. ती कात्री त्यांनी पेटीत सगळ्यांत वर ठेवली.

इथेच पहिली चूक झाली.

बंदरावर सामान तपासणीच्या बाईंनी पेटी उघडली आणि त्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. वर ती शिंप्याची कात्री. तिच्याखाली बारक्या कात्र्यांचा जुडगा. त्याखाली पुठ्ठ्याला भोकं पाडायचे टोचे. त्याखाली सुतळीचं भेंडोळं. आणि सर्वांत तळाशी, दुहेरी पिशवीत घट्ट बांधलेली पांढरी पूड.

"हे काय आहे?"

"खळीचं सामान," मास्तर उत्साहाने म्हणाले. विषयाबद्दल कुणी आपणहून विचारण्याचा प्रसंग त्यांच्या आयुष्यात विरळाच. "यात आधी गार पाणी घालायचं. लोक एकदम गरम ओततात, मग गुठळ्या होतात. मंद आचेवर हळूहळू ढवळत राहायचं, आणि..."

"बाजूला उभे राहा."

मास्तर बाजूला उभे राहिले. मास्तरीणबाई त्यांच्यापासून दोन हात दूर, जणू ओळखच नाही अशा उभ्या राहिल्या. बाईंनी साहेबांना बोलावलं. साहेबांनी हातमोजे घातले, पुडीकडे पाहिलं आणि त्यांच्या साहेबांना बोलावलं. मागे प्रवाशांची रांग वाढत गेली, आणि "कोण आहे?", "पकडलं वाटतं," अशी कुजबुज पुढून मागे जाताना मोठी होत गेली. शेवटी बोटीवरच्या मुख्य आचाऱ्याला पाचारण झालं. त्याने चिमूटभर पूड बोटांवर चोळली, हुंगली आणि निकाल दिला, "मैदा आहे. जुना आहे. किडे झालेत."

गुन्हेगार ठरणं परवडलं असतं, असं त्या क्षणी मास्तरांना वाटलं.

मैदा कचऱ्यात गेला. कात्र्या आणि टोचे सीलबंद होऊन परतीच्या दिवसापर्यंत जमा झाले. कागदांचे गठ्ठे आणि सुतळी तेवढी सुटली. मास्तर बोटीवर चढले ते हत्यारं काढून घेतलेल्या सेनापतीसारखे.

बोटीवर करमणूक अधिकारी म्हणून एक हसतमुख गृहस्थ होता. तो झोपेतही हसत असावा. मास्तरांचे दोन्ही हात हातात घेऊन त्याने जोरजोरात हलवले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी कर्ण्यावरून साऱ्या बोटीला पुकारा केला, "आज चहानंतर मोठ्या दिवाणखान्यात या, आणि डोळ्यांचं पारणं फेडून घ्या! आपल्या भेटीला येत आहेत, हातचलाखीचे उस्ताद... मास्तर!"

"हस्तकला," खोलीत बूट घालता घालता मास्तर म्हणाले. "हातचलाखी नव्हे. हस्तकला." पण कर्णा ऐकवतो, ऐकत नाही.

दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक खिडक्यांच्या कठड्यांवर बसले होते. मास्तरांच्या उभ्या जन्मात एवढा वर्ग भरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर क्षणभर, अगदी क्षणभरच, त्यांना चूक दुरुस्त करू नये असं वाटलं. बाजूला ढोल वाजला. दिवे मंद झाले. मास्तर पुढे आले.

"आज कुणाला कापणार?" मागून कुणीतरी ओरडलं.

"कापायचं काही नाही," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "कात्री जमा केलीय."

सभागृह हसून लोटपोट झालं. मास्तर गोंधळले. त्यांनी घसा साफ केला, तरी लोक हसले. मग त्यांनी खांदे सरळ केले आणि एक पिवळा कागद उचलून सांगितलं, की आज आपण लिफाफा करणार आहोत. हसणारे सावरून बसले. मास्तरांनी कागद दुमडून सरळ रेषेत फाडला आणि पहिली घडी घातली. दुसरी घातली. लोक माना लांब करून बघत होते. लिफाफा तयार झाल्यावर मास्तरांनी तो उघडून सर्वांना दाखवला.

"आत रिकामा आहे ना?" पहिल्या रांगेतल्या एकाने डोळे बारीक करून विचारलं.

"रिकामाच आहे."

"नीट दाखवा. हां. आता?"

"आता कडा दाबून घ्यायच्या."

"आणि मग?"

"मग झाला लिफाफा."

लोकांनी बराच वेळ वाट पाहिली. लिफाफ्यातून काही निघालं नाही. आधी खिडकीवरचे उतरले, मग मागच्या रांगा गेल्या, मग लहान पोरांना रडत रडत नेण्यात आलं. मास्तरांच्या त्या प्रयोगात खरोखर काही गायब झालं असेल, तर ते प्रेक्षक.

मास्तरांनी मान वर केली तेव्हा दिवाणखान्यात तिघंच उरली होती. एक निवृत्त इंजीन ड्रायव्हर, ते ढोल वाजण्याआधीच झोपले होते. दुसऱ्या एक म्हाताऱ्या बाई, मोठ्या काठाची गवती टोपी घातलेल्या. आणि शेवटच्या रांगेत मास्तरांचा मफलर मांडीवर घेऊन बसलेल्या मास्तरीणबाई. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी मास्तरांना शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी पाहिले होते ते खळीने कडक झालेले शर्टाच्या बाह्यांचे काठ आणि खिशातून निघणारे कागदाचे कपटे.

"झालं?" इंजीन ड्रायव्हर दचकून जागे झाले. "कापलं का कुणाला?"

टोपीवाल्या आजी तोवर उठून टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी तो पिवळा लिफाफा उचलला, उलटा करून पाहिला. "माझी आई करायची असे," त्या म्हणाल्या. "जुन्या कॅलेंडरच्या पानांचे. तारखांशेजारी छापलेल्या चंद्राच्या कोरी आतल्या बाजूला यायच्या. मला वाटायचं, सगळ्या जगातल्या लिफाफ्यांच्या आत चंद्र असतात." मग कडेवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पण कात्रीशिवाय कागद इतका सरळ फाडलात कसा?"

मास्तरांचा चेहरा उजळला. त्यांनी कागद दुमडला, घडीवर नख फिरवलं, घडी जिभेच्या टोकाने अगदी किंचित ओली केली आणि दोन्ही हातांनी हलकेच ओढली. कागद सुरीने कापल्यासारखा दुभंगला. "दाखवा, दाखवा," म्हणत ड्रायव्हरसाहेब खुर्ची ओढत पुढे आले. थोड्या वेळाने मास्तरांनी पाहिलं तर दोघांच्याही जिभा बाहेर आल्या होत्या. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. मास्तरीणबाईंना वाटलं, बोट लागली. त्यांनी लिंबू पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी आणखी काहीजण आले. त्यानंतर आणखी. आणि वर्ग भरू लागला नेमक्या त्याच दुपारी करमणूक अधिकारी हसत हसत दारात उभा राहिला. "मास्तर, लोकांना हाऊजी हवीय. हा दिवाणखाना हाऊजीला देऊ या का? तुमचं काय, तुमचं कुठेही होऊ शकतं."

"हो हो," मास्तर म्हणाले.

खोलीत गेल्यावर मास्तरीणबाईंनी त्यांना फैलावर घेतलं. "हो काय म्हणालात? तो मागतो आणि तुम्ही देता?"

"अगं, हाऊजीला माणसं जास्त आहेत."

"आणि आपल्याकडे आलेली काय मेंढरं आहेत?"

मास्तरांनी "आपल्याकडे" हा शब्द ऐकला, आणि उद्याचे कागद मोजायला घेतले.

वर्ग मग बोटीच्या धुलाईखान्याजवळच्या जिन्यात हलला. पायऱ्यांवर बाकांसारखं बसता येत होतं, आणि गरम कपड्यांचा, साबणाचा वास यायचा. येणारे-जाणारे थबकायचे, विचारायचे, "काय चाललंय?" आणि पायरीवर टेकायचे. वर्ग जिना चढत चढत वरच्या मजल्यापर्यंत गेला. मास्तरांचा कागद संपला. मग लोकांनी मिळेल ते आणलं. जेवणाच्या यादीची जाड पानं आली, कागदी हातरुमाल आले, खोक्यांचे पुठ्ठे आले, खोल्यांतली पत्रकं आली. शिकवायचं काही उरलंच नव्हतं. प्रत्येकाच्या हातांना काहीतरी आठवत होतं. कुणी बटणात दोरा ओवून भिंगरी केली आणि ती गुणगुणायला लागली तेव्हा एक टक्कल पडलेले गृहस्थ "ऐका, ऐका!" म्हणून सगळ्यांच्या कानाशी नेत सुटले. एका बाईंनी आगपेट्यांचा टेलिफोन केला आणि जिन्याच्या वरच्या टोकाला बसलेल्या आपल्या नवऱ्याशी त्या अर्धा तास बोलल्या. समोरासमोर त्यांचं बोलणं बंद होतं, असं नंतर कळलं.

आणि मग होड्या आल्या. शिडाची होडी, जोडहोडी, बंबाची होडी. होडी तयार झाली की ती पाण्यात सोडल्याशिवाय कुठल्याही वयात चैन पडत नाही. भर समुद्रात चाललेल्या बोटीवरून समुद्र फार खाली होता. पण वरच्या डेकवर पोहण्याचा तलाव होता. ड्रायव्हरसाहेबांनी तोंडाने इंजिनाची शिटी घातली आणि शर्यत सुटली. म्हातारेकोतारे काठावर ओणवे होऊन फुंकर मारत होते. टोपीवाल्या आजींची टोपी पाण्यात पडली आणि तीही शर्यतीत धरावी की नाही यावर वाद झाला. मास्तर टाळ्या वाजवत काठाकाठाने धावत होते. कित्येक वर्षांत ते धावले नव्हते.

तलावाच्या तळाशी पाणी ओढून घेणारी जाळी असते, हे त्यांपैकी कुणालाच माहीत नव्हतं.

कागद भिजले, बुडाले, जाळीत गेले आणि पंप घरघरून बंद पडला. आत येणारं पाणी मात्र चालूच राहिलं, त्यामुळे तलाव भरत भरत काठावरून ओसंडला, डेकवरून वाहिला आणि जिन्यावरून खाली उतरला. खाली दिवाणखान्यात हाऊजी रंगात आली होती. अधिकारी हसत हसत आकडे पुकारत होता. त्याच्या पायांशी पाणी आलं तेव्हा तो पहिल्यांदा हसायचा थांबला. लोक पाय खुर्चीवर घेऊन बसले. एकीला तेव्हाच फुल हाऊस लागलं होतं. ती खुर्चीवर उभी राहून ओरडत होती आणि तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

मास्तरांना कप्तानाचं बोलावणं आलं.

कप्तान उंच होता, पांढऱ्या गणवेशात होता आणि त्याने "बसा" म्हटलं नाही. टेबलावर एका ताटात कागदाचा ओला लगदा ठेवला होता. त्याने त्यातली एक वस्तू चिमट्याने उचलली. "हे काय आहे?"

मास्तरांनी चष्मा पुसला, वाकून पाहिलं. "होडी आहे. पण तळाची घडी उलटी पडलीय. म्हणून पाणी आत शिरलं."

"मी पंपाबद्दल विचारतोय! आणि हे?" त्याने दुसरी होडी उलगडली. 'बोट बुडू लागल्यास काय करावे' या सूचनांचं ते पत्रक होतं. प्रत्येक खोलीत दारामागे लावलेलं. कुणीतरी त्याचीच होडी केली होती आणि ती बुडाली होती.

मास्तरांनी मान खाली घातली.

"वर्ग बंद," कप्तान म्हणाला. "उरलेल्या दिवसांत प्रवाशांना दुसरी भरपूर करमणूक आहे. तुम्हीही आराम करा. कागदाचं काय, ते घरी जाऊनही होईल."

मास्तरांनी तोंड उघडलं. "हो हो" ओठांवर आलेलंच होतं. एवढ्यात त्यांचं लक्ष दाराच्या काचेकडे गेलं. काचेबाहेर सगळा वर्ग उभा होता. ओली टोपी हातात धरलेल्या आजी, ड्रायव्हरसाहेब, भिंगरीवाले गृहस्थ, आणि सर्वांच्या पुढे, नाक काचेला लावून, मास्तरीणबाई.

"नाही," कुणीतरी म्हणालं.

कोण म्हणालं ते पाहायला मास्तर मागे वळले. मागे कुणी नव्हतं.

"नाही म्हणजे?" कप्तानाने विचारलं.

"नाही म्हणजे..." मास्तरांनी चष्मा नाकावर नीट बसवला. "पंप आम्ही साफ करून देऊ. पाण्यात पुन्हा काही सोडणार नाही. पण तास बंद करायचा नाही."

"हे जहाज माझं आहे, मास्तर."

"आहे ना. पण तास माझा आहे."

कप्तानाने हातातलं ओलं पत्रक ताटात परत टाकलं. मग चिमटा खाली ठेवला. "आधी पंप," एवढंच म्हणाला.

पंप साफ करायला सगळा वर्ग गेला. ड्रायव्हरसाहेब बाह्या सरसावून पोटावर आडवे झाले आणि नोकरीतल्या दिवसांसारखे हुकूम सोडू लागले. जाळीतून एकेक होडी निघत होती आणि प्रत्येक होडीवरून भांडण होत होतं. "ही माझी!" "तुमची कशी? तुमची जोडहोडी होती." "माझीच, हे बघा, माझ्या चहाचा डाग." टोपीवाल्या आजींनी आपली होडी कठड्यावर वाळत घातली आणि वाऱ्याने जाऊ नये म्हणून तिच्याशेजारी बसून राहिल्या. ऊन सगळ्यांच्या पांढऱ्या डोक्यांवर पडलं होतं. कपडे भिजले होते, हात घाण झाले होते, आणि आता आपल्याला घरी कोण रागावेल, अशी काळजी वाटण्याचं भाग्य कित्येक वर्षांनी सगळ्यांच्या वाट्याला आलं होतं. पंपाने एक गचका दिला आणि तो सुरू झाला. अशा आरोळ्या उठल्या की कप्तान वरच्या खिडकीत आला. तो हसला असं ड्रायव्हरसाहेबांचं म्हणणं होतं. इतरांना तसं दिसलं नाही.

बोट बंदराला लागायच्या सकाळी दिवाणखाना रिकामा होता. गालिचे वाळत होते, हाऊजी बंद होती. कुणी बोलावलं नव्हतं, तरी वर्ग भरला. मास्तरांनी पाहिलं, तर मास्तरीणबाई आज पहिल्या रांगेत बसल्या होत्या. समोर एक निळा कागद ठेवला होता आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा केला होता.

आज कागदी फुलाची पाळी होती. अवघड फूल. पाकळ्या आतून उघडाव्या लागतात.

"अहो, माझी घडी बसत नाही," थोड्या वेळाने मास्तरीणबाई चिडून म्हणाल्या. "कागदच खराब आहे."

मास्तर त्यांच्यापाशी आले, खाली वाकले. "कागद चांगला आहे. घडी बसत नाही म्हणजे घाई झाली. पुन्हा उघड. काही बिघडत नाही. पहिल्यापासून घालू."

मास्तरीणबाईंनी मान वर करून पाहिलं. "तुम्ही वर्गात असं बोलायचात?"

"असं म्हणजे कसं?"

"असं... सावकाश."

"असंच बोलायचो की."

"मला कुठे ठाऊक," मास्तरीणबाई पुटपुटल्या. त्यांनी कागद उघडला आणि घड्यांच्या रेघांवरून हात फिरवत पहिल्यापासून सुरुवात केली. चष्मा नाकावर घसरला होता. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं होतं.

बाहेर दोरखंड पडल्याचा आवाज झाला. बोट धक्क्याला हलकेच टेकली. कर्ण्यावरून प्रवाशांनी उतरावं असा पुकारा झाला, मग पुन्हा झाला. दिवाणखान्यात कुणी हललं नाही. सगळ्यांच्या पाकळ्या अर्ध्यावर होत्या. शेवटी करमणूक अधिकारी दारात आला, घामाघूम झालेला.

"मास्तर! बंदर आलं. सगळी बोट रिकामी झाली. खाली हमाल थांबलेत, लोकांना घ्यायला घरची माणसं आलीत. आता आवरतं घ्या ना!"

मास्तरांनी दाराकडे पाहिलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण त्यांना बोलावं लागलं नाही. पहिल्या रांगेतून, हातातल्या फुलावरची नजर न काढता, मास्तरीणबाई म्हणाल्या,

"त्यांना म्हणावं, थांबा जरा. तास चाललाय."